दूर सागराची वाट

म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळ येथे बसून महासागराविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. येथले जवळचे मोठे पाणी म्हणजे कपिला नदीचे. परंतु जिच्याविषयी आज लिहावयाचे आहे ती नौकाही नदीकाठीच जन्मास आली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. आराखडा डच होता. त्याचे नाव ‘टोंगा’, म्हणजे पॅसिफिकमधील एका द्वीपसमूहाचे! ऑगस्ट २००९ मध्ये नौदलातील कमांडर दिलीप दोंदे ती घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने असे करणारे ते पहिले भारतीय. माझ्या मते या यशात दिवाडीच्या कारागिरांचा वाटा निम्मा धरावा.

या मार्गातील खडतर टप्पा न्यूझीलंडमधील लिटल्टन ते फॉकलंड बेटांतील पोर्ट स्टॅन्ली हा होय. तेथे पश्चिमेच्या वाऱ्यास अडविणारी भूमीच नाही. म्हणून लाटा हजारो मैल वाढत येतात. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या भगिनी-नौकेतून हा टप्पा सुमारे चाळीस दिवसांत पार केला. इतके दिवस वाटेत बंदर नाही; झोप तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची, आणि शीड फाटले तर आपणच शिवावयाचे. केप हॉर्न ओलांडले म्हणजे संकट टळले, असेही नाही. परतताना हिंदी महासागरात सुकाणूची यंत्रणा बिघडून ‘तारिणी’स मॉरिशस गाठावे लागले. त्याच महासागरात सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी यांची डोलकाठी वादळात मोडली, पाठीस जबर दुखापत झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांस वाचविले. तेच गृहस्थ पुढे २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी करून आले!

पॅसिफिकच्या द्वीपवासीयांनी मात्र होकायंत्र नसताना बेटे जोडली. तारे, लाटांचा रोख आणि पक्ष्यांची वाट हीच त्यांची साधने. १९७६ मध्ये सातावल बेटाच्या मऊ पियाइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही जोडनाव कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीस नेली, तेव्हा ही विद्या अजून जिवंत असल्याचे जगास पटले.

मग मिळते काय? पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली की एकच तारीख दोनदा जगावयास मिळते, ही झाली गंमत. ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्ना व रूपा या दोन महिला अधिकारी ‘तारिणी’तून ‘पॉइंट निमो’पाशी पोहोचल्या. तेथून कोणत्याही दिशेस जवळची भूमी सुमारे २,६८८ किलोमीटर दूर. कधी कधी तर सर्वांत जवळची माणसे म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातील! त्या ठिकाणचे पाणी त्यांनी बाटल्यांत भरून घेतले, ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासण्यासाठी.