पुण्याची लस आणि शेंद्र्याच्या खोल्या

शेंद्रा औद्योगिक वसाहत आणि तिच्या जोडीने उभी राहिलेली 'ऑरिक' नगरी यांच्याविषयी सरकारदरबारी बोलले जाते ते भूखंड, गुंतवणूक आणि पाणीपुरवठा यांच्या भाषेत. तेथे राबणारा कामगार रात्री किती जणांच्या सोबतीने निजतो, हा प्रश्न कोणाच्याच खात्यात मोडत नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिन्जायटिसच्या संदर्भात मात्र हाच प्रश्न पहिला ठरतो.

या रोगाच्या साथी पसरविणारा मेनिंगोकोकस हा जंतू निरोगी माणसाच्या घशातही निमूटपणे वास करतो आणि निकट सहवासातून दुसऱ्याकडे जातो. १९८५ साली दिल्लीत त्याने सहा हजारांवर माणसांना गाठले. सुमारे आठशे दगावली. २००५ साली तो जुन्या दिल्लीच्या दाटीत परतला, तेव्हा त्याच्या तावडीत प्रामुख्याने तरुण सापडले. परगावचे तरुण, भाड्याची एक खोली आणि पाळीनुसार वापरली जाणारी अंथरुणे हे चित्र कोणत्याही औद्योगिक वसाहतीला परके नाही. उद्या शेंद्र्यात साथ येईलच असे कोणी म्हणणार नाही. पण आली तर ती ओळखणार कोण?

ताप, असह्य डोकेदुखी, ताठरलेली मान ही लक्षणे घेऊन रुग्ण प्रथम जवळच्या दवाखान्यात जातो. तेथे प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळाले की मागाहून काढलेल्या पाठीच्या कण्यातील पाण्यात जंतू वाढविणे कठीण होते. अत्यवस्थ रुग्णाचे औषध चाचणीसाठी रोखू नये, हे निर्विवाद. परंतु आधी रक्ताचा नमुना घेण्यास फार वेळ लागत नाही आणि जनुकीय चाचणी औषधानंतरही जंतूचा माग काढू शकते. हे न झाल्यास नोंद होते ती 'मेंदूज्वर' या एका सैल शब्दाखाली. १९६५ साली नागपूरजवळच्या गावावरून नाव मिळालेल्या चांदीपुरा विषाणूचा आजारही त्याच शब्दात कोंबला जातो. वस्तुतः दोहोंचे प्रतिबंधक उपाय सर्वस्वी भिन्न आहेत.

दैवदुर्विलास असा, की या रोगावरील स्वस्त लस जगाला दिली ती पुण्याने. सीरम इन्स्टिट्यूटची लस २०१० पासून आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांना टोचली गेली आणि तेथील 'अ' गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. त्याच संस्थेची पाच गटांवरील लस २०२४ मध्ये नायजेरियात प्रथम वापरात आली. भारतात हिब आणि न्यूमोकोकस यांच्या लसी बालकांना सरकारी कार्यक्रमात मिळतात. मेनिंगोकोकसची लस मुख्यतः हज यात्रेकरू, परदेशी जाणारे विद्यार्थी व विशेष जोखमीचे रुग्ण यांच्यापुरती राहिली आहे. ती सर्वांना टोचा, अशी मागणी करणे आज उतावीळपणाचे होईल. रोग किती आहे हेच ठाऊक नसताना लसीचा हिशेब मांडायचा कशावर?

त्याआधीचे काम कमी खर्चाचे आहे. संशयित रुग्णाची खबर खासगी डॉक्टरने त्याच दिवशी आरोग्य खात्याला द्यावी, नमुना घाटी रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले असावे आणि मेनिंगोकोकसचे निदान होताच खोलीतील सोबत्यांना प्रतिबंधक औषध शक्यतो चोवीस तासांत मिळावे. हे सोबती शोधायचे तर त्यांची नावे हवीत. कंत्राटी कामगाराचे नाव ठेकेदाराच्या वहीत असते, त्याच्या खोलीचा पत्ता मात्र कारखान्याकडेही असेलच असे नाही. तो लिहून घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.