हायब्रिड गावाकडेही परवडते



‘हायब्रिड गाडी पुण्या-मुंबईच्या गर्दीतच परवडते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. गर्दीत फायदा जास्त, हे मान्य. पण किल्लारीहून औशामार्गे लातूरला जातानाही गतिरोधक लागतातच. तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय आधीच काढून हलका ब्रेक लावला, की बॅटरी भरते. करकचून दाबला, तर बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. मोकळ्या रस्त्यावर ताशी सत्तरच्या आसपास राहावे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडची टाकी 45 लिटरची, प्रमाणित मायलेज 27.97, म्हणजे कागदावर साडेबाराशे किलोमीटर. तो आकडा गाठण्याच्या हट्टापायी टाकी कोरडी मात्र करू नका. पेट्रोलमुळे थंड राहणारा टाकीतला पंप त्याने तापून बिघडू शकतो.

– एक वाचक, किल्लारी (ता. औसा, जि. लातूर)