घंटा कुणाच्या कानाशी वाजवायची?

आमच्या गटातली एक मैत्रीण मंडणगडकडच्या गावातून ए.आर.टी.च्या गोळ्यांसाठी बाहेर पडते. दोन एस.ट्या बदलायच्या, रोज बुडवायचा, घरी 'माहेरी जाऊन येते' सांगायचं. कोणत्या केंद्रावर जाते ते इथे लिहीत नाही. तिथे वजन होतं, उरलेल्या गोळ्या मोजतात, पुढची तारीख देतात. गेल्या पावसाळ्यात तिचे कागद चाळताना लक्षात आलं, वर्षातून एकदा व्हायची व्हायरल लोडची तपासणी दोन वर्षं झालेलीच नाही. तिने एकही तारीख चुकवली नव्हती. चुकवली असती तर तिच्या नावापुढे खूण झाली असती, फोन आला असता. केंद्राकडून राहिलं त्याची खूण कुठेच नाही.

पश्चिम केनियातल्या एल्डोरेट भागात यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. रुग्णांची माहिती संगणकात होतीच. भेटीआधी संगणक एक कागद छापून देई. सीडी-४ ची तपासणी राहिली असेल तर तसं त्यावर डॉक्टरला उद्देशून लिहिलेलं असे. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे सूचना मिळाली तिथे राहिलेली तपासणी ५३ टक्के वेळा सांगितली गेली, जिथे नाही तिथे ३८ टक्के. म्हणजे कागद समोर असूनही जवळजवळ निम्म्या वेळा ती राहिलीच! यंत्राने सगळं सुटतं असं कुणी सांगितलं तर हा आकडा पुढे करावा. पण फरक पडला हेही खरं, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की घंटा डॉक्टरच्या कानाशी वाजली.

आपल्याकडे नॅकोची 'सोच' ही संगणक-व्यवस्था आली आहे. माहिती भरली जाते. मग त्या माहितीने डॉक्टरला काय विचारावं, हे ठरवताना बायकांना कुणी विचारलं का?

आपल्या जिल्ह्यात घरटी कुणीतरी मुंबईला. नवऱ्याची लागण बायकोला बहुधा तिच्याच गरोदरपणातल्या तपासणीत कळते, आणि बोल तिलाच लागतो. तिला उपकेंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, ए.आर.टी. केंद्रातून डोल्युटेग्रॅव्हिर असलेली गोळी. या रिकाम्या पोटी एकत्र घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर अंगी नीट लागत नाही. सगळ्या एकदम जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर डोल्युटेग्रॅव्हिर दोन तास आधी किंवा सहा तासांनी. दोन खिडक्या, दोन रजिस्टरं, सांगायचं कुणी? इथे संगणकाने डॉक्टरला टोकलंच पाहिजे. बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याची तपासणी, तेही. आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. एच.आय.व्ही. असलेल्या बाईला त्याचा धोका सहापट, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करा म्हणते. आमच्या बैठकीत विचारलं तेव्हा एकीलाही तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

भीती वेगळीच आहे. घंटा डॉक्टरऐवजी बाईकडे वळवणं सोपं असतं. 'तपासणीची तारीख झाली' असा निरोप मोबाइलवर जातो, आणि मोबाइल असतो मुलाच्या नाहीतर दिराच्या हातात. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तो संस्थेवर टाकतो. म्हणून निरोप हवा की नको, कोणत्या नंबरवर, कोणत्या शब्दांत, हे बाईनेच सांगायचं, आणि तिने नको म्हटलं म्हणून उपचारात अंतर पडू द्यायचं नाही.

दर तीन महिन्यांनी केंद्राने किती तपासण्या राहिल्या तो आकडा, नावं न देता, भिंतीवर लावावा, अशी मागणी आम्ही लेखी देणार आहोत. तुमच्या तालुक्यातल्या गटांनीही द्यावी. मैत्रिणीची पुढची तारीख जवळ आली आहे. या वेळी आमच्यातली एक तिच्यासोबत जाते आहे, व्हायरल लोडचा कागद हातात घेऊनच दोघी परतायच्या असं ठरलंय.