टोल भरतो कोण?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? आजीच्या तोंडून ती मी लहानपणापासून ऐकत आले. परंतु हा सोन्याचा पाळणा हलवतो कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कॉलेजात अर्थशास्त्र घेतले, दर शनिवारी एस.टी.ने अंबड तालुक्यातील गावी जाताना खिडकीतून रस्त्याकडे जरा डोळसपणे पाहू लागले, तेव्हा तो पडला. पोलाद कारखान्यांकडे भंगार घेऊन येणारे ट्रक, तेथून सळया घेऊन निघालेले ट्रक, बियाण्यांचे ट्रक, मोसंबीचे ट्रक! ही वाहने दोन दिवस जागची हलली नाहीत, तर आपला पाळणाही थांबेल.

माझे मामा त्यांपैकीच एक. स्वतःचा सहा चाकी ट्रक, त्यावर कर्जाचे हप्ते. गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे आले असता त्यांची खर्चाची वही मी सहज चाळली. डिझेल, टायर, जेवण आणि जवळजवळ प्रत्येक पानावर टोल. मला राहवले नाही. म्हटले, “मामा, एवढा टोल भरून तुम्हाला उरतं तरी काय?”

मामा हसले. म्हणाले, “आगं पोरी, टोल मी भरतो व्हय? माझ्या हातून निस्ता जातो. भरत्यात दाजी.”

दाजी म्हणजे माझे वडील. ते शेजारीच बसले होते. त्यांच्याकडे ना ट्रक, ना मोटार. एक जुनी मोटारसायकल आणि तीन एकर मोसंबी. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी मानही हलवली नाही. मामांचे ते एक वाक्य वर्गातल्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा मला अधिक शिकवून गेले. त्यातूनच हा लेख सुचला.

रस्त्यासाठी पैसे घेणे ही काही आजची टूम नव्हे. आपल्या शेजारच्या पैठणहून सातवाहन राज्य करीत होते, त्या काळच्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे परंपरेने सांगितले जाते. जवळच्या काळातले उदाहरण हवे असेल तर तेही मराठी माणसाचेच आहे. १९२७ साली डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारी वाढत होत्या, रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले होते. जयकर समितीने सुचविले, की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवरच खर्च करावा. त्याप्रमाणे १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो जास्त फिरेल त्याचे पेट्रोल जास्त जळेल, आणि जो जास्त जाळेल तो जास्त देईल. किती साधा आणि न्यायाचा विचार! पुढे २००० साली या निधीला स्वतंत्र कायद्याचे बळ मिळाले.

मग कोणी विचारील, की इंधनावर कर आहेच, गाडी घेताना मोटार वाहन कर आहेच, तर वर टोल कशाला? हा आक्षेप मला पूर्वी बिनतोड वाटे. आता तसे वाटत नाही. डिझेल केवळ महामार्गावर जळत नाही. माझे वडील शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणतात, तेव्हा त्याच्या डिझेलमधून तेही हा कर देतात, आणि तो ट्रॅक्टर गावची शीव ओलांडीत नाही. या पैशातून गावोगावच्या सडका व्हाव्यात हे योग्यच आहे. पण समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा आणि ५५ हजार कोटींच्या घरात खर्च गेलेला रस्ता मुख्यतः कर्जाऊ पैशावर उभा राहतो. त्याचा बोजा त्यावरून कधीही न जाणाऱ्या शेतकऱ्यावर का टाकावा? वापरणाऱ्याने मोल द्यावे, हे तत्त्व मला मान्य आहे. माझे भांडण तत्त्वाशी नाही, वाटणीशी आहे.

ही वाटणी कशी होते ते पाहू. समृद्धी महामार्ग आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. २०२५ च्या एप्रिलपासून त्यावर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे आणि सहा चाकी ट्रकला ६ रुपये ९७ पैसे टोल आहे. म्हणजे मोटारीच्या सुमारे साडेतीनपट. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ सालच्या नियमांतही हेच प्रमाण आहे: मोटारीला ६५ पैसे, तर ट्रकला २ रुपये २० पैसे, असा मूळ दर धरून त्यात दरवर्षी वाढ होते. आता समजा, दहा टन मोसंबी घेऊन ट्रक या मार्गाने तीनशे किलोमीटर गेला. टोल झाला २०९१ रुपये, किलोमागे एकवीस पैसे. येताना परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकाम्या ट्रकलाही तेवढाच टोल. झाले बेचाळीस पैसे.

बेचाळीस पैशांचे काय एवढे, असे शहरातला ग्राहक म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरे आहे. त्याला ते जाणवणारही नाहीत. पण आमच्या बागेत व्यापारी येतो, तेव्हा तो दूरच्या बाजाराच्या भावातून भाडे, हमाली वजा करूनच भाव सांगतो. भाडे वाढले म्हणून दिल्लीचा भाव वाढत नाही. आमच्या बागेतला भाव उतरतो. दहा टनांमागे चार हजार रुपये म्हणजे आमच्या घरी माझ्या कॉलेजच्या वर्षाच्या पुस्तकांचा आणि एस.टी.च्या पासाचा खर्च आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते, ते असे. आणि ज्या खेपेला भाडे आधीच ठरलेले असते व गाडी रिकामी परतते, त्या खेपेला तो टोल मामांच्याच अंगावर पडतो. दाजींनी भरला नाही तर मेहुण्याने भरायचा, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू पाहा. २०१५ साली आपल्या राज्य सरकारने बारा टोलनाके बंद केले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एस.टी. गाड्यांना टोल माफ केला. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान मोटारींना माफी मिळाली. २०२५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने खाजगी मोटारींना तीन हजार रुपयांत राष्ट्रीय महामार्गांवर दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास दिला. एस.टी.च्या माफीबद्दल माझी तक्रार नाही. ती गोरगरिबांची गाडी आहे. पण मोटारवाल्याला माफी कशासाठी? आणि माफी दिली म्हणून रस्त्याचा खर्च थोडाच माफ होतो? ठेकेदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून करावी लागते. तिजोरीत पैसा कोणाचा? काडेपेटीपासून कपड्यापर्यंत कर भरणाऱ्या सर्वांचा. म्हणजे ज्याच्या दारात मोटार नाही, तो ट्रकचा टोल बाजारभावातून देतो आणि मोटारीचा टोल करातून देतो. मोटारवाला नाक्यावर ओरडतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. मोसंबी ओरडत नाही.

येथे कोणी अभियंता मला थांबवील आणि म्हणेल, “बाई, रस्ता खराब करतो तो ट्रकच.” त्याचे म्हणणे खोटे नाही. मी कला शाखेची, गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरीही ही गोष्ट समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र भरलेले ट्रक चालवून एक मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून ढोबळ नियम निघाला तो असा, की रस्त्याची झीज एक्सलवरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नव्हे, सोळापट! मोटारीच्या एका एक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या मागच्या एक्सलवर दहा टन धरले, तर झीज एक लाख साठ हजार पट होते. हा आकडा मी तीन वेळा ताडून पाहिला. त्यापुढे साडेतीनपट टोल म्हणजे किरकोळच म्हणायचा.

मग माझा सगळा युक्तिवाद कोसळला काय? क्षणभर मलाही तसेच वाटले. पण रस्ता म्हणजे काही नुसती झीज नव्हे. समृद्धी महामार्ग ताशी दीडशे किलोमीटर वेग धरून आखला गेला. त्यावर लहान मोटारींना एकशे वीसची मर्यादा आहे, अवजड वाहनांना ऐंशीची. मग ती सरळ आखणी, ती सौम्य वळणे, त्यासाठी फोडलेले डोंगर आणि घेतलेल्या जमिनी मुख्यतः कोणासाठी? ऐंशीने जाणाऱ्या ट्रकला एवढ्या थाटाची गरज नव्हती. रस्त्याची जाडी ट्रकसाठी आणि रस्त्याचा वेग मोटारीसाठी, अशी ही सरळ वाटणी आहे. ट्रकने जाडीचे मोल द्यावे, मोटारीने वेगाचे द्यावे. एकाला सूट म्हणजे दुसऱ्यावर अन्याय.

शिवाय चौथ्या घाताचा नियम आपण खरोखर मानतो का? मानीत असतो तर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकला एकच टोल लावला नसता. रिकाम्या ट्रकच्या एक्सलवर भरलेल्याच्या एकतृतीयांश भार धरा. त्याच नियमाने झीज होते एक्क्याऐंशीवा हिस्सा. टोल मात्र पुरा! उलट, २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला अष्टमांशाने, पण त्या नियमाने झीज वाढते दीडपटीहून अधिक. टोलाचा दर मात्र वाहनाच्या वर्गावर ठरतो, प्रत्यक्ष भारावर नाही. जो ट्रकवाला काठोकाठ भरतो आणि जो रिकामा येतो, ते दोघे नाक्यावर सारखेच. यात नुकसान कोणाचे? परतीच्या भाड्याची वाट पाहून शेवटी रिकामे निघणाऱ्या माझ्या मामांसारख्यांचे.

स्वित्झर्लंडने २००१ सालापासून साडेतीन टनांवरील वाहनांना वजन आणि अंतर यांचा गुणाकार करून आकार लावला आहे. जर्मनीत २००५ सालापासून मोठ्या ट्रकांना किलोमीटरवर टोल आहे. आपल्याकडे फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाला. धावत्या गाडीचे वजन घेणारे काटेही आता अपूर्वाईचे राहिलेले नाहीत. साखर कारखान्याच्या दारात उसाची गाडी भरलेली तोलतात आणि रिकामीही तोलतात. जे उसाला जमते ते टोलाला का जमू नये?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी व्हाव्यात. एस.टी., रुग्णवाहिका अशी सार्वजनिक वाहने सोडून मोटारींची माफी बंद करावी, आणि त्यातून येणारा पैसा ट्रकचा दर उतरवण्याकडे लावावा. ट्रकचा टोल प्रत्यक्ष वजनावर आकारावा. रिकाम्याला नाममात्र, मर्यादेबाहेर भरणाऱ्याला कडक. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. माझ्या पाहण्यातल्या नाक्यावर दराचा भला मोठा फलक आहे. त्याच्या शेजारी दुसरा फलक असावा: रस्त्याला खर्च किती आला, आजवर वसूल किती झाला, उरला किती. शहरातल्या रस्त्यांवरील टोलाविरुद्ध कोल्हापूरकर वर्षानुवर्षे लढले आणि तो टोल अखेर रद्द झाला. लोकांना पैसे देण्याचा कंटाळा नसतो; हिशेब न मिळण्याचा संताप असतो. गावच्या जत्रेची वर्गणीसुद्धा आपण देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवतो.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो वडिलांना वाचून दाखवला. शेवटपर्यंत त्यांनी ऐकला. मग म्हणाले, “मोटारवाल्यांचा टोल परत लावा म्हणतीस, पण उद्या तुला नोकरी लागल्यावर तू मोटार घेतलीस तर?”

मी म्हटले, “तर भरीन, अण्णा.”

वाचक मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांना पुढे नोकरी हवी आहे, आणि नोकरीमागून मोटारही हवी आहे. त्या दिवशी नाक्यावर आपण कोणाच्या बाजूने ओरडणार आहोत, ते आजच एस.टी.च्या खिडकीत बसलेले असताना ठरवलेले बरे.

— तृतीय वर्ष, कला (अर्थशास्त्र)