फोन जुना झाला, हे ठरवते कोण?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल फोन मात्र होता तिथेच, १८ टक्क्यांवर राहिला. १ एप्रिल २०२० ला मोबाइलवरचा कर १२ वरून १८ झाला, तो पुन्हा खाली आला नाही. त्यामुळे ‘कर कमी झाला’ अशा जाहिराती पाहून दिवाळीत नवा फोन घ्यायला निघालेल्याला त्या कपातीतून काहीच मिळणार नव्हते.

वर्ष संपता संपता आणखी एक गोष्ट झाली. एआयची डेटा सेंटर उभारणाऱ्या कंपन्यांनी मेमरी चिप मोठ्या प्रमाणावर उचलल्या आणि चिपचे भाव चढले. महागडा फोन विकणारी कंपनी ही वाढ नफ्यातून सोसू शकते. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये नफाच कमी, त्यामुळे झळ तिथेच जास्त बसते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी एआय वापरण्याचा प्रयोग केला आणि त्याचे कौतुक थेट मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांपर्यंत गेले. त्याच एआयच्या भुकेपोटी इथल्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोराचा फोन महागला, हेही त्याच गोष्टीचे दुसरे टोक आहे.

बारामती एमआयडीसीत कंत्राटावर असलेला, टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईवर बसणारी, इंदापूरच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारा, लासुर्णे-निमगाव केतकीहून रोज एसटीने कॉलेजला येणारी, अशा आपल्या तरुणांसमोरचा प्रश्न साधा आहे. फोन तीन-चार वर्षांचा झाला आहे, अडखळतो आहे. आता बदलायचा का?

आधी आकडा आपल्या हिशेबात मांडू. समजा फोन १५,००० रुपयांचा आहे. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे हा फोन ४८ दिवसांच्या मजुरीचा. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांत मोजला तर आईचे दहा महिन्यांचे पैसे. त्या १५,००० मधले सुमारे २,२८८ रुपये नुसता कर आहे. ज्या सरकारने आपली प्रत्येक योजना फोनवर आणली, तेच सरकार त्या फोनवर टीव्ही-एसीइतकाच कर घेते. यावर आपल्याकडे एकही निवेदन गेलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता ‘फोन गेला’ म्हणजे नेमके काय गेले, ते पाहू. बहुतेक वेळा साठवणीची जागा भरलेली असते. व्हॉट्सॲपच्या वीस ग्रुपांवरचे शुभेच्छांचे फोटो, जयंतीच्या मिरवणुकीचे तेच तेच व्हिडिओ आपोआप उतरत राहतात आणि फोन मंद होतो. ते आपोआप उतरणे बंद केले, जुने पुसले, तर निम्मा आजार बरा होतो. दुसरे कारण बॅटरी. रोज चार्ज होणारी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकतेच. तो बॅटरीचा स्वभाव आहे. बॅटरी किंवा चार्जिंगचा पिन बदलायला भिगवण, वालचंदनगरसारख्या बाजारगावातसुद्धा दुरुस्तीवाला मिळतो, आणि खर्च नव्या फोनच्या मानाने अगदी किरकोळ असतो. फक्त स्वस्तातली नकली बॅटरी बसवून घेऊ नये, ती फुगते.

तिसरे कारण खरे आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. कंपनी फोनला सुरक्षेचे अपडेट देणे थांबवते. काच शाबूत, बॅटरी चालू, पण फोनच्या सॉफ्टवेअरमधली नवी भोके बुजवणारे कोणी नाही. ज्या फोनवर गाणी ऐकायची, त्याला याने फारसा फरक पडत नाही. ज्या फोनवर बँक आहे, यूपीआय आहे, त्याला पडतो. सेटिंगमध्ये ‘सुरक्षा अपडेट’ची शेवटची तारीख दिसते, ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन पैशाच्या व्यवहारातून काढावा. बदलण्याचे हे एक कारण मला पटते.

पण ही तारीख कोण ठरवते? कंपनी. आणि ती दर देशात सारखी वागत नाही, कारण कायदा सारखा नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनला किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट, विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी, अशा अटी आहेत. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने अहवाल दिला की फोन दुरुस्तीला किती सोपा आहे याचा निर्देशांक विक्रीच्या ठिकाणी आणि खोक्यावर दाखवावा. कंपनीवर अटींचे बंधन घालणे वेगळे आणि खोक्यावर गुण छापायला सांगणे वेगळे. तोवर घेणाऱ्यानेच विचारायचे: या मॉडेलला अपडेट किती वर्षे? सॅमसंगने ए१६ ५जी या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन दिले आहे, म्हणजे ते जमते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

‘५जी नाही’ या एका कारणासाठी फोन बदलणाऱ्यांनी रिचार्जही मोजावा. जुलै २०२४ च्या दरवाढीत कंपन्यांनी अमर्याद ५जी फक्त रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकना ठेवले. तेव्हा जिओचा २८ दिवसांचा दीड जीबीचा पॅक २९९ चा झाला आणि दोन जीबीचा ३४९ चा. वर्षाला तेरा रिचार्ज धरले तर ६५० रुपये जास्त. वस्तीत टॉवरची रेंजच येत नसेल तर हे पैसे कशाचे?

हप्त्याचे गणित मात्र सावकाश करू, कारण फसगत तिथे आहे. ‘शून्य टक्के व्याज’ असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बजावले आहे. व्याज कुठेतरी असते: प्रोसेसिंग फीमध्ये, त्या फीवरच्या जीएसटीमध्ये, रोखीने घेणाऱ्याला मिळणारी आणि हप्तेवाल्याला न मिळणारी सूट यामध्ये. जिथे व्याज उघड सांगतात तिथेही पाहावे. १५,००० रुपयांवर ‘फक्त १२ टक्के’, एक वर्ष. व्याज १,८०० आणि हप्ता १,४०० रुपये. ऐकायला ठीक. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र पूर्ण १५,००० वर लागते. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

हा खरा दर लपवता येऊ नये म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य बाबींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. बारामतीत कर्ज घेणाऱ्याला समजणारी भाषा मराठी आहे. काउंटरवर मराठी पत्रक मागा. ओटीपी सांगून अंगठा दाबण्याआधी मागा, नंतर नाही.

दुसरे, हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो. कंत्राटी पगाराची तारीख हलते, शिष्यवृत्तीची तर धरूच नये. ‘स्वाधार’चे पैसे जेवणाखाण्यासाठी आणि राहण्यासाठी आहेत, त्यांच्या भरवशावर फोनचा हप्ता बांधणे म्हणजे खोलीभाडे गहाण टाकणे. हप्ता परत गेला तर कर्ज देणारी कंपनी दंड लावते आणि बँकही वेगळा लावते. आणि आता तर, हप्ता थकल्यास फोन दुरून बंद करण्याची मुभा कंपन्यांना द्यावी का, याचा विचार रिझर्व्ह बँक करत असल्याच्या बातम्या सप्टेंबर २०२५ पासून येत आहेत. ज्या वस्तूवर तुमचे हजेरीचे ॲप, बँक आणि अभ्यास आहे, ती वस्तूच ओलीस. सावकाराला घरातले भांडे उचलून न्यायला निदान दारापर्यंत यावे लागत होते.

‘पण सरकारी कामाला नवा फोन लागतो ना?’ हा प्रश्न आया विचारतात, आणि तो खोटा नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली, नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. तोवर वस्त्यांमध्ये धावपळ उडाली. पण त्या प्रक्रियेला लागतो आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी. तो साध्या बटणाच्या फोनवरही येतो. वेबसाइट दुसऱ्या कोणाच्याही फोनवर उघडता येते. रेशनची ई-केवायसी चेहरा दाखवून करण्यासाठी ‘मेरा ई-केवायसी’ आणि आधारचे फेस ॲप लागते. ते कमी मेमरीच्या जुन्या फोनवर अडते, पण फोन स्वतःचाच असावा अशी गरज नाही. ई-पीक पाहणीलाही बांधावर एक चालणारा फोन पुरतो. म्हणजे दर घराला नवा फोन लागत नाही. वस्तीला एक चांगला फोन आणि तो चालवणारा विश्वासू माणूस लागतो.

हे काम विहाराने करायला हरकत नाही. जयंतीच्या वर्गणीतून मंडळ डीजेला जेवढे देते, त्यातल्या थोड्याशा रकमेत एक नवा, लांब अपडेटचा फोन, लहानसा स्कॅनर आणि वर्षाचा रिचार्ज बसतो. रविवारी वंदना झाली की दोन तास महाडीबीटी, रेशन, लाडकी बहीण. एक अट मात्र काटेकोर पाळावी: बायाबापड्यांचे ओटीपी त्यांच्यासमोरच टाकायचे, आधारचे फोटो काम झाल्यावर लगेच पुसायचे, आणि त्या फोनवर कोणाचेही बँक ॲप उघडायचे नाही. त्याच वेळी ग्रामपंचायतीला, तहसीलला लेखी विचारायचे की ही सोय तुम्ही का करत नाही. आपण केले म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही.

इतके करूनही नवा फोन घ्यायचा ठरला तर जुन्याचे काय? विनयपिटकात आनंद आणि राजा उदेन यांची गोष्ट आहे. नवी चीवरे मिळाल्यावर जुन्यांचे काय करता, असे राजा विचारत जातो आणि आनंद सांगत जातात: जुन्याचे पांघरूण, मग गादीचे आच्छादन, मग जमिनीवरची बैठक, मग पायपुसणे, शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवायला. जुना फोन सिम काढून, पैशाची ॲप काढून, लहान भावंडाच्या अभ्यासाला किंवा विहारातले प्रवचन रेकॉर्ड करायला अजून दोन वर्षे देता येतो. विकायचाच तर आतले सगळे पुसून, पावती करून. जुना फोन घ्यायचा असेल तर *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर संचार साथी पोर्टलवर तपासावा. तो चोरीचा म्हणून बंद केलेला निघाला तर पैसे गेले.

कार्यकर्त्यांनी मात्र एक्स्चेंज ऑफरच्या मोहात पडण्याआधी थांबावे, आणि इथे माझे म्हणणे ठाम आहे. अत्याचाराच्या घटनेचा, पोलीस ठाण्यात तक्रार न घेतल्याचा, मिरवणुकीवरच्या दगडफेकीचा व्हिडिओ आपल्या फोनमध्ये असतो. खटला उभा राहायला वर्षे लागतात, तोवर फोन दोनदा बदललेला असतो. मग हातात उरते व्हॉट्सॲपवरून फिरलेली, दाबून लहान झालेली प्रत. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. वाद जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतला, अर्ज वेळेत भरला की नाही हे दाखवणाऱ्या व्हिडिओचा. मूळ उपकरण स्वतः मालकाने न्यायालयात हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्या प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला: उपकरणाची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय, फाइलचे हॅश मूल्य, आणि तज्ज्ञाचा स्वतंत्र भाग.

ज्या फोनमध्ये असे चित्रण आहे तो दोन हजारांच्या सवलतीसाठी दुकानदाराच्या हातात देऊ नका. मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका. केबलने तिची प्रत वकिलाच्या संगणकावर उतरवून हॅश त्याच दिवशी काढून घ्या. फोनचा आयएमईआय, खरेदीची पावती, चित्रण केलेली तारीख आणि जागा कागदावर लिहून ठेवा. नंतर फोन बंद करून, बॅटरी निम्मी भरलेली ठेवून, कोरड्या जागी कुलपात ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा चार्ज करत राहा.