मुखवटा आणि चष्मा

चित्रकथा म्हटली की साहित्याचे अभ्यासक नाक मुरडतात. त्यातून ती बुरखाधारी वीराची असली तर विचारायलाच नको! इंद्रजाल कॉमिक्समधला ‘वेताळ’ किंवा बाबूराव अर्नाळकरांचा ‘काळा पहाड’ शाळेत असताना वाचावा आणि कॉलेजात आल्यावर विसरावा, असा आपल्याकडे शिष्टसंमत संकेत आहे. हा संकेत ज्यांना मान्य आहे त्यांनी फ्रँक मिलर (लेखन) आणि डेव्हिड मॅझुकेली (चित्रे) यांची १९८७ सालची ‘बॅटमॅन : इयर वन’ एकदा वाचावीच.

बॅटमॅनचे कूळ तसे साधेच. अमेरिकेत स्वस्त, खरबरीत कागदावर निघणाऱ्या मासिकांनी १९३० नंतरच्या दशकात ‘शॅडो’सारखे गूढ वीर लोकप्रिय केले. १९३९ साली आलेली बॅटमॅनची पहिली कथाही शॅडोच्याच एका कथेवर बेतलेली होती. मिलर हे कूळ लपवीत नाही. अंधाऱ्या गल्ल्या, लाचखाऊ पोलीस, गुंडांच्या पंक्तीला बसणारे पुढारी, हा सारा मसाला येथेही आहे. पण त्यातून तो एक गंभीर प्रश्न उभा करतो : कायदाच विकला गेला तर सज्जनाने काय करावे?

दोन माणसे दोन उत्तरे देतात. कोट्यधीश ब्रूस वेन वटवाघळाचा वेश चढवून रात्री बाहेर पडतो. जिम गॉर्डन हा बदलून आलेला पोलीस अधिकारी मात्र गणवेशातच राहून लाच नाकारतो. त्याबद्दल त्याचेच सहकारी त्याला बेदम मारतात. घरी बायको गरोदर आहे. एका सहकारी स्त्रीशी जुळलेले त्याचे संबंध उघड करण्याची धमकी वरिष्ठ देतात, तेव्हा तो स्वतःच बायकोला सारे सांगून टाकतो. गॉर्डन धुतल्या तांदळासारखा नाही. मारणाऱ्याला तोही हातांनीच धडा शिकवतो. परंतु जे करतो ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने.

म्हणूनच माझ्या मते या कथेचा खरा नायक गॉर्डन आहे. वेनला मुखवटा वाचवतो आणि पैसाही. पगारावर जगणाऱ्याला यांपैकी काहीच नसते. बुरखाधारी वीराला टाळ्या देताना आपण नकळत कायद्यालाही रजा देतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो आक्षेप या पुस्तकाच्या पोटातच आहे.

शेवटी गॉर्डनच्या तान्ह्या मुलाला वेन वाचवतो, तेही वेशाविना. गॉर्डनचा चष्मा पडलेला असतो. चष्म्यावाचून आपल्याला काही दिसत नाही असे म्हणून तो त्याला जाऊ देतो. त्याला खरेच दिसले नाही की दिसूनही त्याने पाहिले नाही? कायद्याच्या माणसाने असे करावे का? नीतिशास्त्राच्या तासाला चर्चेला घ्यावा असा हा प्रसंग आहे.

आपल्या ग्रंथालयाने हे पुस्तक घ्यावे, आणि ते कपाटात साहित्याच्याच खणात ठेवावे!