रंधा खाली कधी ठेवायचा?

बाजारात मडके घेताना घरातल्या बायका ते बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजले तर नीट भाजलेले, बद्द वाजले तर कुठेतरी तडा. घरच्या घरी गिटार बनवणारा कारागीरही हेच करतो. फरक इतकाच, की मडके तयार झाल्यावर वाजवतात. तो मात्र गिटार तयार होण्याच्या कितीतरी आधी नुसती फळी हातात धरून वाजवत राहतो.

गिटारचा जीव असतो पुढच्या फळीत. आपल्या शेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या ज्या भागाला तबली म्हणतात, तोच हा भाग. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते आणि तबली हवा हलवते. पाठीचे आणि बाजूंचे लाकूड आवाजाला रंग देते, पण बोलते ती तबलीच. स्पेनमधील अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याने हे १८६२ मध्ये दाखवून दिले. मुळात सुतार असलेल्या या माणसाने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या. तबली तेवढी उत्तम लाकडाची ठेवली. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

आता खरी अडचण पाहा. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून ओढा सुमारे ७० किलोंचा, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका. तबलीची जाडी मात्र जेमतेम ३ मिलिमीटर! जाड ठेवली तर वाद्य दणकट होते, पण मुके. फार पातळ केली तर सुरुवातीला गोड वाजते आणि काही वर्षांत घोडीपाशी पोट सुटते. म्हणून तबलीच्या आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. १८३३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवू लागले. आजही बहुतेक पोलादी तारांच्या गिटारींत आत तीच फुली असते.

पडदे कुठे बसवायचे, हे गणिताने सुटते. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल, तर तिला १७.८१७ ने भागा. पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जायचे, की बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. पण एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. एक ताठ, दुसरी लवचिक. त्यासाठी कोष्टक नाही. थोडे तासायचे, टिचकी मारायची, कान द्यायचा, पुन्हा तासायचे. कारखान्यात हजारो नगांना एवढा वेळ देता येत नाही; तक्रार नको म्हणून लाकूड जरा जास्तच ठेवले जाते. हाताने घडवणाऱ्याची संधी इथेच असते आणि धोकाही इथेच. तासलेले लाकूड परत लावता येत नाही.

ज्याच्या घरी सुतारकीचा व्यवसाय आहे, अशा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, लाकूड कुठून आणायचे?" तबलीचे स्प्रूस परदेशातले, ते मागवावे लागते. पाठ आणि बाजूंसाठी मात्र पश्चिम घाटातले शिसवी लाकूड जगात नावाजलेले आहे. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतले. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. घरी करणाऱ्याने आजोबांच्या मोडक्या पलंगाकडे बघावे. त्याची फळी कित्येक उन्हाळे वाळलेली असते. तिच्या २ मिलिमीटरच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवता येतात.

आपल्या भागात आणखी एक पथ्य आहे. आषाढ-श्रावणात लाकूड ओल पिऊन आडवे फुगते. त्या दिवसांत तबलीला पट्ट्या चिकटवल्या, तर मार्चच्या कोरड्या वाऱ्यात तबली आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत आणि तबली उभी तडकते. जाणकार खोलीतली आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखतात. तशी सोय नसेल, तर चिकटवण्याचे काम दिवाळीनंतर काढावे.

पहिली गिटार बहुधा जाडच होते. भीतीने हात आखडतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो धीट होतो. रंधा चालवायला वडील शिकवतील. तो खाली कधी ठेवायचा, हे मात्र ज्याचे त्यालाच ऐकावे लागते.